एअर रायफल घेतली, आता पुढे काय? सुटे भाग आणि साहित्य निवडण्याचा क्रम

रायफल घरी आली की आठवडाभरात कॅटलॉग उघडतो. नवी बट प्लेट (दस्त्याचा खांद्याला टेकणारा भाग), रंगीत फिल्टरचं डायॉप्टर (बारीक भोकातून पाहायची मागची साईट), नळीवर चढवायची वजनं, ॲल्युमिनियमचा दस्ता. रेंजवरचा एखादा दादा सांगतो, 'हे लाव, ग्रुप आवळतो बघ.' (ग्रुप म्हणजे एकाच जागी नेम धरून मारलेल्या गोळ्यांच्या भोकांचा पुंजका.) आईबाबा पैसे मोजतात, पण सहा महिन्यांनी स्कोअर तिथेच असतो. हा लेख १० मीटर एअर रायफल नुकतीच सुरू केलेल्यांसाठी आणि त्यांच्या पालकांसाठी आहे. कोणती गोष्ट कधी घ्यायची, कोणती नंतर, कोणती घ्यायचीच नाही, एवढंच त्यात सांगितलं आहे.

महाराष्ट्रात या खेळाची जमीन तयार आहे. अंजली भागवत, सुमा शिरूर, २०१० साली म्युनिकला विश्वविजेती झालेली कोल्हापूरची तेजस्विनी सावंत, २०२२ साली कैरोत १० मीटर एअर रायफलचं जागतिक विजेतेपद मिळवणारा ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील, २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं कांस्य आणणारा राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे. त्यामुळे बालेवाडी, वरळी किंवा कोल्हापूरच्या रेंजवर सल्ल्यांची कमतरता नाही. हे सल्ले कोणत्या क्रमाने अमलात आणायचे, ते मात्र सहसा कोणी सांगत नाही.

माझं मत सरळ आहे: जे तुमच्या शरीराला लागतं त्यावर आधी खर्च करा, जे रायफलला लागतं त्यावर नंतर. आजची कुठलीही बरी मॅच रायफल नवशिक्यापेक्षा कितीतरी जास्त अचूक मारते.

आधी हाताशी काय हवं

कागदपत्रं:
- रायफलचं बिल, त्यावर सीरियल नंबर लिहिलेला. सेकंडहँड असेल तर आधीच्या मालकाचं विक्रीपत्र आणि मूळ बिलाची प्रत.
- आधार कार्ड, जन्मतारखेचा दाखला, क्लबचं सदस्यत्व कार्ड, एनआरएआयचा (राष्ट्रीय रायफल संघटनेचा) नेमबाज क्रमांक मिळाला असेल तर तो.
- हवेच्या सिलिंडरवर कोरलेल्या तारखेचा फोटो.
- कारखान्यातून रायफलसोबत आलेलं टेस्ट कार्ड आणि मॅन्युअल.

४.५ मिमी कॅलिबरची आणि २० ज्यूलपर्यंतची एअर रायफल आपल्याकडे परवान्याविना घेता येते. मॅच रायफल त्याच्या निम्म्याहूनही खाली, साधारण साडेसात ज्यूलवर चालते. तरी रेल्वेने किंवा एसटीने प्रवास करताना ती केसमध्ये, बिलाच्या प्रतीसह आणि क्लबच्या पत्रासह ठेवा. स्टेशनवरच्या हवालदाराला ज्यूल समजावत बसण्यापेक्षा कागद पुढे करणं सोपं.

हत्यारं: ॲलन कीचा चांगला संच, व्हर्नियर कॅलिपर, सामान तोलायचा हातातला डिजिटल काटा, बारीक टोकाचा पर्मनंट मार्कर, वही. पुढे जमलं तर टॉर्क स्क्रू-ड्रायव्हर. स्वस्त ॲलन की स्क्रूचं डोकं खाते आणि मग पन्नास रुपयांच्या स्क्रूपायी रायफल महिनाभर अडकून पडते, म्हणून इथे काटकसर नको.

१. आधी नियम वाचा, मग कॅटलॉग

दुकानात मिळतं ते सगळं स्पर्धेत चालतं असं नाही. आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) नियमांनुसार १० मीटर एअर रायफलचं वजन साईटसह ५.५ किलोच्या वर जाता कामा नये. अंगठ्याचं भोक असलेला दस्ता, अंगठ्याचा टेकू, तळहाताचा टेकू आणि स्पिरिट लेव्हल यांना बंदी आहे. ५० मीटर रायफलचा पट्टा इथे वापरता येत नाही. दुर्बीण लावता येत नाही. नळीवर एक्स्टेन्शन चढवलं तर मेकॅनिझमच्या मागच्या टोकापासून नळीच्या दिसणाऱ्या टोकापर्यंतची लांबी ८५० मिमीच्या आत हवी. फोरसाईटची (पुढच्या साईटची) नळी ५० मिमीपेक्षा लांब आणि २५ मिमीपेक्षा रुंद नको.

नियम बदलत राहतात. म्हणून खरेदीच्या दिवशी चालू असलेली नियमपुस्तिका उघडा आणि रायफलच्या मोजमापांचा तक्ता छापून बॅगेत ठेवा.

आपल्याकडे आणखी एक गुंता आहे. राष्ट्रीय नियमांखाली ओपन साईट (उघड्या खाचेतून नेम) आणि पीप साईट (डायॉप्टरच्या भोकातून नेम) असे वेगळे गट खेळवले जातात. मुलगी ओपन साईट गटात उतरणार असेल तर महागडं डायॉप्टर घेऊन काय करणार? येत्या हंगामात कोणत्या गटात नाव द्यायचं हे प्रशिक्षकाशी बोलून ठरवा, त्यानंतरच साईटवर पैसे घाला.

२. पेलेट: सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित सुधारणा

इथे जरा थांबून गणित पाहू. १० मीटरच्या टार्गेटवर दहाचा ठिपका अवघा ०.५ मिमीचा असतो. दशांश गुणांमध्ये प्रत्येक ०.१ गुणासाठी मध्यापासून ०.२५ मिमीचं अंतर. म्हणजे पेलेट (एअर रायफलची शिशाची गोळी) मध्यापासून दीड मिमी सरकला की १०.९ चा १०.३ किंवा १०.४ होतो. तुम्ही काहीही चुकलेलं नसताना, केवळ पेलेट तुमच्या नळीला मानवत नाही म्हणून हे गुण जातात. मॅच ६० गोळ्यांची असते.

करायचं काय, तर सपाट डोक्याच्या मॅच पेलेटचे चार-पाच प्रकार गोळा करा. आरडब्ल्यूएस, एच अँड एन, जेएसबी, जे मिळेल ते. डब्यावर डोक्याचा व्यास लिहिलेला असतो: ४.४९, ४.५०, ४.५१. वजन रायफलसाठी साधारण ०.५३ ग्रॅम. क्लबात रायफल पकडायचा क्लॅम्प असेल तर उत्तम, नसेल तर टेबलावर भक्कम टेकू घ्या. पेलेट बदलल्यावर पहिल्या दहा-पंधरा गोळ्या मोजू नका, नळीला नव्या शिशाची सवय होऊ द्या. मग प्रत्येक प्रकाराचे दहा-दहा गोळ्यांचे तीन ग्रुप कागदावर मारा. कॅलिपरने भोकांच्या बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत मोजा आणि त्यातून ४.५ वजा करा. उरतो तो ग्रुपचा खरा आकार.

एकच सुंदर ग्रुप पाहून हुरळू नका. तीनही ग्रुप लहान देणारा पेलेट तुमचा. त्याच लॉट नंबरचे जितके डबे परवडतील तितके एकदम घ्या. त्याच कंपनीचा, त्याच व्यासाचा पण दुसऱ्या लॉटचा डबा वेगळा वागू शकतो.

पेलेटचा मागचा घागरा फार नाजूक असतो. डबा हातून पडला तर तो सरावाला वापरा, मॅचला नको. आणि शिसं आहे हे विसरू नका: रेंजवरून उठल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय वडापावला हात लावायचा नाही. लहान मुलांच्या बाबतीत हे पालकांनी कटाक्षाने पाहावं.

३. बूट, मग जॅकेट-पँट, मग ग्लोव्ह

क्रम मुद्दाम असा लिहिला आहे. बहुतेक जण जॅकेट आधी घेतात, कारण फोटोत ते दिसतं. पण ७५ मिनिटांच्या मॅचमध्ये साडेचार-पाच किलोची रायफल साठहून अधिक वेळा उचलायची असते, आणि हलतात ते आधी घोटे. सपाट, रुंद तळाचे नेमबाजीचे बूट घातले की पहिल्याच दिवशी फरक कळतो.

बुटाचा तळवा पुढे १० मिमीपेक्षा जाड नको आणि तो ठरावीक कोनात वाकला पाहिजे. काही जण तळवा कडक ठेवण्यासाठी आत काहीबाही घालतात आणि इक्विपमेंट कंट्रोलला (स्पर्धेआधीच्या साहित्य तपासणीला) अडकतात. बूट फक्त रेंजवर घाला. पार्किंगपासून घालून चालत आलात की तळव्याच्या कडा गोल होतात आणि तुम्ही ज्या सपाटपणासाठी पैसे मोजले तोच जातो.

जॅकेट आणि पँटचं कापड अस्तरासकट २.५ मिमीपेक्षा जाड चालत नाही, आणि ते किती कडक आहे हेही यंत्राने तपासतात. जॅकेट बंद केल्यावर पुढचे पल्ले एकमेकांवर १०० मिमीपेक्षा जास्त येता कामा नयेत. म्हणून 'मुलगा वाढतोय, दोन साईज मोठं घेऊ' हा शाळेच्या गणवेशाचा हिशेब इथे चालत नाही. ढिलं जॅकेट आधार देत नाही आणि बटणं आत सरकवली तर पल्ले मर्यादेबाहेर जातात. वाढत्या वयातल्या मुलांसाठी क्लबातल्या मोठ्या मुलांचं वापरलेलं जॅकेट घेणं शहाणपणाचं. जरा मऊ झालेलं असलं तरी चालेल. अंगाच्या मापाचं नवं शिवून घ्यायचं ते उंची थांबल्यावर.

माप देताना आत जो टी-शर्ट किंवा पातळ स्वेटर घालणार तोच घालून जा. उभे राहा, रायफल धरल्यासारखा डावा हात बरगडीवर टेकवा, त्या स्थितीत माप घ्यायला सांगा. हात खाली सोडून घेतलेल्या मापाचं जॅकेट पाठीत बरोबर बसत नाही.

आपल्या हवेत जॅकेट घामाने भिजतं. सराव झाला की बॅगेत कोंबू नका, जाड हँगरवर सावलीत वाळवा. उन्हात टाकलेलं चामडं आक्रसतं.

ग्लोव्ह शेवटी. त्याची एकूण जाडी १२ मिमीच्या आत हवी. उजव्या हाताने ट्रिगर दाबणाऱ्याला तो डाव्या हाताला लागतो. तळव्याची नस रायफलच्या वजनाखाली ठोकते आणि फोरसाईट नाडीबरोबर उडते, ते कमी करणं हे त्याचं काम.

४. दस्ता शरीराला जुळवा, फुकटात

ही पायरी सगळ्यात जास्त स्कोअर देते आणि तिच्यासाठी एक रुपयाही लागत नाही. तुमच्या रायफलवर बट प्लेट वर-खाली होत असेल, चीकपीस (गाल टेकवायचा भाग) हलत असेल, दस्त्याची लांबी बदलता येत असेल, तर आधी ते सगळं जुळवा. वॉल्थर, फाइनवर्कबाऊ, श्टायर, आपल्याकडची प्रेसिहोल, रायफल कुठलीही असो, क्रम तोच.

बट प्लेटपासून सुरुवात करा. आरशासमोर किंवा मोबाइलचा व्हिडिओ लावून रायफल उचला. डोकं पुढे झुकत असेल, मान खाली ताणून डोळा साईटला न्यावा लागत असेल, तर रायफल खांद्यावर फार खाली बसते आहे. बट प्लेट दस्त्यावर खाली सरकवा, म्हणजे रायफल वर येईल. डोकं जवळजवळ ताठ राहिलं पाहिजे. मग लांबी: कोपर आणि मनगट आरामात असताना ट्रिगरवर बोटाचं पेर सहज पोहोचतं का ते पाहा.

आता चीकपीस. डोळे मिटा, रायफल नेहमीसारखी खांद्याला लावा, गाल टेकवा, एक श्वास सोडा, डोळे उघडा. फोरसाईटची रिंग डायॉप्टरच्या भोकात बरोबर मध्ये दिसली तर काम झालं. खाली दिसली तर गाल खाली आहे, चीकपीस वर घ्या. डावी-उजवीकडे दिसली तर चीकपीस बाजूला सरकवा. डोकं हलवून ती मध्ये आणू नका, कारण साठाव्या गोळीला थकलेली मान ते डोकं पुन्हा स्वतःच्या जागी नेणार. हे पाच-सहा वेळा करा, दोन दिवसांनी पुन्हा करा.

प्रत्येक बदलानंतर मार्करने बारीक रेघ ओढा आणि वहीत लिहा: तारीख, काय हलवलं, किती मिमी. फोटोही काढा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि त्यानंतर निदान आठवडाभर तिला हात लावायचा नाही. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि स्कोअर वाढला, तर कशाने वाढला हे कधीच कळणार नाही.

हे सगळं करूनही मूळ बट प्लेट खांद्यात नीट बसत नसेल, किंवा चीकपीसला हवी तेवढी जागाच नसेल, तेव्हा एमईसी किंवा टेक-हरोसारख्या कंपन्यांचे सुटे भाग पाहा. या वेळेपर्यंत तुम्हाला नेमकं काय हवं आहे ते माहीत झालेलं असतं. 'मला बट प्लेटचं खालचं टोक आणखी वळवायचं आहे' असं दुकानदाराला सांगता आलं, तर खरेदी योग्य वेळी होते आहे.

५. साईट: आधी रिंग, मग आयरिस, बाकीचं पुढे

फोरसाईटची रिंग ही नवशिक्यांची हमखास फसण्याची जागा. रिंग लहान घेतली की नेम जास्त बारीक होईल असं वाटतं. होतं उलटंच.

टार्गेटचा काळा गोल ३०.५ मिमीचा, दहा मीटरवर. फोरसाईट डोळ्यापासून साधारण एक मीटरवर असते. म्हणजे त्या जागी काळा गोल जेमतेम ३ मिमीचा भासतो. रिंग ३.२ ची घेतली तर काळ्याभोवती पांढऱ्याची केसासारखी रेघ उरते, जरा हललं की ती नाहीशी होते, डोळा ती शोधत बसतो आणि नेम धरण्याचा वेळ लांबत जातो. ३.८ ते ४.२ च्या दरम्यान सुरुवात करा. मोठी रिंग आळशी वाटेल, तरी दोन आठवडे तिच्यावर टिका. रिंगच्या आतला पांढरा पट्टा ठळक दिसला पाहिजे. प्लॅस्टिकच्या किंवा धातूच्या सुट्या रिंगांचा संच स्वस्त असतो. आपलं माप सापडल्यावर, आणि वेगवेगळ्या उजेडाच्या रेंजवर मॅच खेळायला लागल्यावर, आकार बदलता येणारी फोरसाईट घ्यायला हरकत नाही.

मागच्या डायॉप्टरवर आयरिस, म्हणजे लहान-मोठं करता येणारं भोक, ही माझ्या मते साईटवरची पहिली रास्त खरेदी. आपल्याकडे एक रेंज ट्यूबलाइटच्या पिवळट उजेडात, दुसरी झगझगीत एलईडीत. भोक १ ते १.३ मिमीच्या आसपास ठेवून सुरू करा. फार बारीक केलं की चित्र करकरीत होतं पण काळोखं, आणि डोळा लवकर थकतो.

चष्मा असेल तर आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा आणि त्यांना सांगा की मला फोरसाईट, म्हणजे एक मीटरवरचं, स्पष्ट दिसायला हवं. मागच्या साईटमध्ये नंबरची काच बसवता येते किंवा नेमबाजीचा चष्मा वापरता येतो. रोजचा चष्मा घालून नेम धरताना आपण काचेच्या कोपऱ्यातून पाहतो, म्हणून चित्र वाकडं येतं.

दुसरा डोळा मिटू नका. दोन्ही डोळे उघडे ठेवा आणि न वापरायच्या डोळ्यापुढे दुधी प्लॅस्टिकचा तुकडा लावा. नियमाप्रमाणे तो ३० मिमीपेक्षा रुंद नको. काळा तुकडा लावला तर त्या डोळ्याची बाहुली मोठी होते आणि तिच्याबरोबर नेम धरणाऱ्या डोळ्याचीही. दुधीच चांगला. आइस्क्रीमच्या डब्याच्या झाकणातून कापलेला तुकडा माझ्या ओळखीची कितीतरी मुलं वापरतात आणि त्यात काही कमी पडत नाही.

रंगीत फिल्टर, पोलरायझर, साईट उंच करणारे ठोकळे: ठोकळे मान फार लांब असलेल्यांना खरंच लागतात, आणि ते पुढे-मागे दोन्हीकडे सारख्या उंचीचे हवेत. बाकीचं सध्या राहू दे.

६. ट्रिगर: नवा नको, आहे तो समजून घ्या

एअर रायफलच्या ट्रिगरला किमान वजनाची अट नाही. त्यामुळे कोणीतरी तो इतका हलका करून देतं की श्वास घेतला तरी सुटावा. नवशिक्याने १०० ते १२० ग्रॅमच्या आसपास राहावं. पहिला टप्पा स्पष्ट, दुसऱ्या टप्प्याची भिंत बोटाला जाणवेल अशी. ट्रिगरचं पातं पुढे-मागे आणि बाजूला फिरतं, ते असं बसवा की बोट सरळ मागे दाबलं जाईल आणि बोटाची बाजू दस्त्याला घासणार नाही. मॅच रायफलमध्ये ड्राय फायरची सोय असते. हवा आणि पेलेट न जाळता रोज घरी पांढऱ्या भिंतीसमोर वीस मिनिटं केलेला हा सराव कुठल्याही आयात ट्रिगरपेक्षा जास्त देतो. घरी सराव करतानाही नळी रिकामी असल्याची खात्री प्रत्येक वेळी, आणि नळीचं तोंड माणसाकडे कधीही नाही.

७. वजनं आणि नळीवरचे दागिने

वजन वाढवलं की रायफल शांत होते हे खरं. पण ते वजन पाठीचा कणा उचलतो. चौदा वर्षांच्या मुलाच्या रायफलला ५.४ किलोपर्यंत नेणं हा गुन्हाच आहे. मॅचच्या शेवटच्या वीस गोळ्यांत ग्रुप उजवीकडे-खाली गळत असेल, तर वजन कमी करा. वाढवायचं असेल तर ५० ग्रॅमच्या टप्प्याने, आणि आधी नळीच्या मध्यावर, मग हळूहळू पुढे. प्रत्येक वेळी सामानाच्या काट्याला टांगून एकूण आकडा पाहा. घरचा काटा थोडा चुकतो, म्हणून ५.५ ला चिकटू नका.

८. हवा: इथे जुगाड नको

रायफलचं सिलिंडर २०० किंवा ३०० बार दाबाचं असतं. त्यावर उत्पादनाची किंवा मुदतीची तारीख कोरलेली असते, आणि मुदत संपलेलं सिलिंडर स्पर्धेत नाकारलं जातं. ते पाहण्याची जबाबदारी नेमबाजाची. सेकंडहँड रायफल घेताना सगळ्यात आधी हीच तारीख वाचा. सिलिंडर बाद असेल तर नव्याची किंमत सौद्यातून वळती करून घ्या.

भरताना झडप हळू उघडा. झटकन भरलं की सिलिंडर तापतं, आणि थंड झाल्यावर काटा खाली येतो. आट्यांना तेल किंवा ग्रीस लावू नका. वेल्डिंगवाल्याकडचा किंवा हॉस्पिटलचा ऑक्सिजन कधीही, कोणत्याही अडचणीत भरायचा नाही. स्फोट होतो. मोठं भरण्याचं सिलिंडर क्लबने घेतलं असेल तर त्याची ठरावीक काळाने दाब-चाचणी झालेली असावी. गॅस सिलिंडरचे नियम पाहणाऱ्या पेसोचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे.

हातपंप चालतो, पण पावसाळ्यात त्यातून ओलावा आत जातो आणि रेग्युलेटरचं (हवेचा दाब सारखा ठेवणाऱ्या भागाचं) नुकसान होतं. जून ते सप्टेंबर क्लबच्या सुक्या हवेवर राहा. विमानाने जाताना सिलिंडर रिकामं करून, रायफलवरून काढून न्यायचं, आणि विमान कंपनीला आधी कळवायचं.

९. छोट्या, कामाच्या वस्तू

सेफ्टी लाइन: नळीच्या पूर्ण लांबीतून जाणारी, दोन्हीकडून दिसणारी भडक रंगाची दोरी. स्पर्धेत सक्तीची आहे. हार्डवेअरच्या दुकानात गवत कापायच्या यंत्राची नारिंगी नायलॉन तार मिळते, तिचा मीटरभर तुकडा पुरतो.

रायफल टेकवायचा स्टँड लवकर घ्या. दोन गोळ्यांच्या मध्ये रायफल हातात धरून उभे राहणारे चाळिसाव्या गोळीला संपलेले असतात. नळी साफ करायला फेल्टचे बोळे आणि लवचीक तार. साफसफाई नेहमी मागून पुढे. कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर सराव संपल्यावर धातूवरून किंचित तेलाचं फडकं फिरवा, बोटांचा घाम गंज आणतो. कडक केस हवी, आतला फोम रायफलच्या आकाराचा कापून घ्या.

नेमाची हालचाल टिपणारं स्कॅटसारखं इलेक्ट्रॉनिक ट्रेनर महाग आहे आणि उत्तम आहे. एकट्याने घेऊ नका. क्लबात चार-पाच जणांनी मिळून घ्या आणि त्याचे आलेख वाचता येणारा प्रशिक्षक आधी शोधा.

१०. सेकंडहँड घेताना

पुष्कळ चांगल्या रायफली कॉलेज संपलेल्या मुलांकडून येतात. स्क्रूची डोकी पाहा: खाल्लेली असतील तर कोणीतरी आत बरंच काही केलं आहे. क्रोनोग्राफवर (गोळीचा वेग मोजायच्या यंत्रावर) दहा गोळ्या मारा. वेग सेकंदाला १७० मीटरच्या आसपास हवा, आणि त्यात दोन-तीन मीटरहून जास्त चढउतार असेल तर रेग्युलेटर किंवा सील बदलण्याचा खर्च धरा. तुमच्याच पेलेटने दोन ग्रुप मारल्याशिवाय पैसे देऊ नका. लाकडी दस्ता जुना दिसला म्हणून नाक मुरडू नका. कित्येक कंपन्या तोच मेकॅनिझम आणि तीच नळी लाकडी आणि ॲल्युमिनियम दोन्ही दस्त्यांत विकतात.

११. स्पर्धेच्या आधीचा आठवडा

या आठवड्यात काहीही नवं लावायचं नाही. ना रिंग, ना पेलेटचा लॉट, ना बुटाचे इनसोल. राज्य स्पर्धा असो की मावळंकर स्पर्धा, मुख्य काम म्हणजे तपासणी: रायफल काट्यावर, सिलिंडरची तारीख, सेफ्टी लाइन, जॅकेटचे पल्ले, दुधी तुकड्याची रुंदी. (लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर हेच एनआरएआयचे संस्थापक, १९५१ साली संघटना उभी राहिली आणि स्पर्धेला त्यांचं नाव आहे.)

दस्त्याचे आणि साईटचे सगळे स्क्रू मॅन्युअलमधल्या टॉर्कवर आहेत का ते पाहा, मार्करच्या रेघा जागेवर आहेत का ते पाहा. प्रवासात रेल्वेच्या हादऱ्यांनी स्क्रू सैल होतात, म्हणून मुक्कामी पोहोचल्यावर हेच पुन्हा करा. ॲलन की हातातल्या बॅगेत ठेवू नका, विमानतळावर काढून घेतात. रायफलच्या केसमध्ये ठेवा. वही मात्र हातातच असू द्या. इक्विपमेंट कंट्रोलला एखादं मोजमाप बाहेर निघालं आणि बट प्लेट हलवावी लागली, तर मॅचआधी ती मूळ जागेच्या जवळ किती आणायची हे वहीतल्या आकड्यांवरूनच कळतं. तपासणीची वेळ आदल्या दिवशीची मिळत असेल तर तीच घ्या, म्हणजे दुरुस्तीला रात्र हाती राहते.